पहिल्यांदा सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऐकायला जाताय? मग पियानो असलेला कार्यक्रमच निवडा

दर दोन-तीन महिन्यांनी मला कोणीतरी विचारतंच, की अगं ते नरिमन पॉइंटच्या एनसीपीए कलाकेंद्रात ऑर्केस्ट्रा असतो ना, एकदा जायचंय, पण आम्हाला त्यातलं काही कळत नाही, टाळ्या कधी वाजवायच्या माहीत नाही, कपडे काय घालायचे माहीत नाही, आपण तिथे वेगळेच दिसू. आणि मग ते राहूनच जातं. म्हणून एकदाच सगळं नीट लिहून काढतेय, तिकीट काढण्यापासून घरी येईपर्यंत. मी मुंबईचं धरून लिहितेय कारण मी तिथेच जाते, पण आतल्या गोष्टी लंडनला गेलात काय नि व्हिएन्नाला गेलात काय, सारख्याच.

सगळ्यात आधी एकच गोष्ट डोक्यात पक्की करा, बाकीचं आपोआप कळत जातं. तिथे माइक नसतो. सत्तर-ऐंशी माणसं वाजवतात, समोर मोठा पियानो असतो, हजारभर लोक ऐकत असतात आणि यातलं काहीही स्पीकरमधून येत नाही. लाकूड, तार, फुंक आणि त्या हॉलच्या भिंती, एवढंच. आपल्याला सवाईची सवय, मांडवात मागे बसून वडापाव खाल्ला तरी भीमसेनजींचा आवाज पोचायचा कारण साऊंड सिस्टिम होती. इथे तसं नाही, त्यामुळे उशिरा आल्यावर आत न सोडणं, मोबाइल बंद ठेवणं, मधेच टाळ्या न वाजवणं हे जे नियम लोकांना शिष्टपणाचे वाटतात ते सगळे या एका गोष्टीतून आलेत. शिष्टपणा नाहीये तो. पियानोवाला एखादा सूर इतका हळू लावतो की शेजारच्याने पिशवी चाचपली तरी तो जातो, आणि गेला की गेला.

कार्यक्रम कसा निवडायचा

मुंबईत सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, २००६ साली एनसीपीएने सुरू केलेला, खुशरू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव्ह या दोघांनी उभा केलेला. साधारण वर्षातून दोन सीझन होतात, फेब्रुवारीच्या आणि सप्टेंबरच्या आसपास, आणि प्रत्येक सीझनमध्ये वेगवेगळे कार्यक्रम असतात. त्यातला जो कार्यक्रम ‘पियानो कॉन्चेर्टो’ म्हणतो तो निवडा. कॉन्चेर्टो म्हणजे एक मुख्य वादक आणि त्याच्यासोबत (कधीकधी त्याच्याविरुद्ध) सगळा ऑर्केस्ट्रा. नुसती सिम्फनी (म्हणजे एक मुख्य वादक नसलेली, सगळ्या ऑर्केस्ट्राची लांब रचना) पहिल्यांदा ऐकताना कुठे बघायचं, कोणाला धरून ऐकायचं तेच कळत नाही. पियानो असला की डोळ्यांना नि कानांना एक माणूस मिळतो, त्याला धरून तुम्ही अर्धा-पाऊण तास आरामात जाता.

आता कोणाचा कॉन्चेर्टो? पहिल्यांदा जाणाऱ्याला मी हे चार सांगते. ग्रीगचा ए मायनर, १८६८ चा, त्याने पंचविशीत लिहिलेला. नगाऱ्यासारख्या टिंपनीचा घुमारा वाढत जातो आणि पियानो वरच्या पट्टीतून धबधब्यासारखा खाली कोसळतो, तिथेच माणूस जागा होतो. चायकोव्हस्कीचा पहिला, जो १८७५ साली चक्क अमेरिकेत, बॉस्टनला पहिल्यांदा वाजला. याची सुरुवातीची प्रचंड सुंदर धून पुढे पुन्हा कधीच येत नाही, म्हणून सुरुवात अजिबात चुकवू नका. रॅखमॅनिनॉव्हचा दुसरा, म्हणजे त्याची पहिली सिम्फनी १८९७ मध्ये सपशेल पडली, त्यानंतर काही वर्षं त्याला धड लिहिताच येईना, मग निकोलाय डाल नावाच्या डॉक्टरांकडे उपचार घेतले आणि त्यातून बाहेर पडून हा लिहिला, आणि त्या डॉक्टरांनाच अर्पण केला. सुरुवातीला पियानो एकटाच, लांबून देवळाच्या घंटेचे ठोके जवळ जवळ यावेत तसे सूर. आणि चौथा म्हणजे बीथोव्हनचा चौथा, माझा सगळ्यात लाडका, त्यावर पुढे सविस्तर लिहिणारच आहे. ब्राम्सचा दुसरा मात्र नंतरसाठी ठेवा, बाकीचे बहुतेक तीन भागांचे असतात, तो चार भागांचा आणि पाऊण तासाहून मोठा. ग्रेट आहे, पण पहिल्या दिवशी नको.

तिकीट काढताना सीट बघूनच काढा

हे मी फार महत्त्वाचं मानते कारण मी स्वतः यात फसलेय. पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटलं पुढची रांग म्हणजे चांगली, नाटकाला आपण तसंच बघतो ना, आणि मी तिसऱ्या रांगेत अगदी उजवीकडची सीट घेतली. अख्खा कॉन्चेर्टो मला पियानोचं काळं पोट, वादकाचे बूट आणि अधूनमधून त्याचं कपाळ, एवढंच दिसलं. हात एकदाही नाही.

तर नियम साधा आहे. पियानोचं झाकण प्रेक्षकांकडे उघडतं, म्हणजे आवाज तुमच्याकडे यावा म्हणून, आणि त्यासाठी वादक स्टेजवर आपल्या डाव्या हाताला बसतो, उजवीकडे तोंड करून. त्यामुळे हात बघायचे असतील तर हॉलच्या मध्यापासून डावीकडे बसा. उजवीकडून चेहरा दिसतो, तेही कधीकधी छान असतं, पण पहिल्यांदा हातच बघा. आणि पहिल्या चार-पाच रांगा टाळा, तिथे पियानोमागचे वादक दिसत नाहीत आणि आवाजही नीट मिसळलेला येत नाही, जवळचं व्हायोलिन कानात आणि लांबची बासरी गायब, असं होतं. मधल्या रांगा उत्तम. बजेट कमी असेल तर बाल्कनी बिनधास्त घ्या, तिथून अख्खा ऑर्केस्ट्रा नकाशासारखा दिसतो आणि आवाज वर छान येतो. स्वस्त तिकीट म्हणजे वाईट अनुभव हे इथे खरं नाही.

एनसीपीएचा जमशेद भाभा थिएटर म्हणजे १९९९ साली सुरू झालेला ११०९ सीटचा हॉल, ऑर्केस्ट्राचे मोठे कार्यक्रम बहुतेक तिथेच. त्याच आवारात टाटा थिएटरही आहे, दोन्ही वेगळ्या इमारती आहेत, तिकिटावर कुठलं लिहिलंय ते बघून ठेवा, नाहीतर ऐनवेळी चुकीच्या दारात उभे राहाल. तिकिटं एनसीपीएच्या वेबसाइटवर, बुकमायशोवर आणि तिथल्या बॉक्स ऑफिसवर मिळतात. मुलं न्यायची असतील तर वयाची अट तिकीट काढण्याआधी वाचा. आणि माझं विचाराल तर वयाची अट बसत असली तरी जो मुलगा पाऊण तास एका जागी बसू शकत नाही त्याला आत्ता नेऊ नका, त्यालाही त्रास आणि तुम्हालाही.

जे परदेशात आहेत त्यांचं तर सोपंच आहे. लंडनला उन्हाळ्यात प्रॉम्स नावाचे कार्यक्रम असतात, १८९५ पासून चालू आहेत, आता रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये होतात, आणि तिथे उभं राहून ऐकायची तिकिटं अगदी कमी पैशात मिळतात. व्हिएन्नात म्युझिकफेराइन या हॉललाही उभ्याची जागा असते. चपला आरामशीर घाला एवढंच.

आठवडाभर आधी काय करायचं

थिअरी वाचू नका. खरंच नका. एकच काम करा, जो कॉन्चेर्टो आहे तो यूट्यूबवर तीन वेळा ऐका. पहिल्यांदा स्वयंपाक करताना किंवा लोकलमध्ये, नुसता कानावरून जाऊ द्या. दुसऱ्यांदा फक्त मधला हळू भाग, रात्री दिवे बंद करून. तिसऱ्यांदा व्हिडिओ बघत, म्हणजे कुठल्या वाद्याचा आवाज कसा ते डोळ्यांना कळेल. बस. चालीची ओळख झाली की हॉलमध्ये ती आली रे आली की आतून कसं ‘अरे ही ती’ होतं, नाट्यपदाची पहिली ओळ सुरू झाल्यावर होतं ना, तसंच.

आपल्या लोकांना वाटतं हा आवाज आपल्याला परका आहे. तसं नाहीये. आपण जी जुनी हिंदी गाणी ऐकत मोठे झालो त्यातला व्हायोलिनचा ताफा कोण वाजवत होतं? गोव्याची माणसं. तिथल्या चर्चच्या शाळांमध्ये लहानपणापासून नोटेशन वाचायला शिकलेली, मग मुंबईत येऊन दिवसा स्टुडिओत आणि संध्याकाळी हॉटेलांत वाजवणारी. त्यातल्या अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये स्वतःचा एक सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता, आजच्या ऑर्केस्ट्राच्या कितीतरी आधी, आणि लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलालजी त्यांच्याकडेच व्हायोलिन शिकले. त्याच्याही आधी, १९३५ साली, मेहली मेहतांनी बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा सुरू केला, झुबिन मेहता त्यांचेच चिरंजीव. सलील चौधरींनी तर मोझार्टच्या ४० व्या सिम्फनीची सुरावट सरळ हिंदी गाण्यात आणली आणि आपल्या आई-वडिलांनी ती गुणगुणली. कान तयार आहेत हो आपले, फक्त कोणी सांगितलं नाही.

त्या दिवशी

कपडे. साडी, कुर्ता, शर्ट-पँट, स्वच्छ नि नीटनेटकं काहीही चालतं, टाय-सूटची काही गरज नाही. दोनच गोष्टी बघा. एक, आवाज करणारं काही नको, हातभर काचेच्या बांगड्या, पैंजण, कुरकुरणारं जॅकेट. दोन, एसी कडक असतो, शाल किंवा स्टोल न्याच, सत्तरीतल्या माणसाला नेत असाल तर दोन न्या.

आधी थोडं खाऊन जा. पोटात गुडगुड झालेली त्या शांततेत तीन सीटपर्यंत ऐकू येते. खूप जड पण नको, हळू भागात डुलकी लागते. खोकल्याची गोळी लागत असेल तर ती कागदातून काढून रुमालात ठेवा, आत बसायच्या आधीच, कारण तो चुरचुर आवाज हळूहळू कागद सोडला की अजून लांबतो.

जायचं कसं, तर चर्चगेटला उतरून टॅक्सी, किंवा वेळ असेल तर मरीन ड्राइव्हने चालत नरिमन पॉइंटच्या टोकापर्यंत, पंचवीसेक मिनिटं लागतात. मेट्रोने येणाऱ्यांना ॲक्वा लाइनचं विधान भवन स्टेशन जवळचं. काही झालं तरी पाऊण तास आधी पोचायचं ठरवून निघा. एकदा मला दहा मिनिटं उशीर झाला, माझाच, घरातून निघतानाच. दार बंद झालेलं. आत ग्रीग सुरू होता आणि मी बाहेर उभी राहून जाड दारातून फक्त खर्जाचे आवाज ऐकत होते. दारावरच्या माणसाने अगदी अदबीने सांगितलं की पहिला भाग संपल्यावर सोडतो. त्याचं बरोबरच होतं, पण टिंपनीचा तो घुमारा त्या दिवशी माझा गेला तो गेला.

आत गेल्यावर प्रोग्रामची पुस्तिका घ्या आणि कॉन्चेर्टो किती भागांचा आहे ते बघून ठेवा. तीन असेल तर तीन बोटं लक्षात ठेवा, टाळ्यांच्या वेळी कामाला येतील. मोबाइल सायलेंट नाही, पूर्ण बंद. व्हायब्रेशनचा आवाज येतो आणि स्क्रीनचा उजेड मागच्या चार रांगांना दिसतो. अलार्म लावलेला असेल तर फोन बंद असतानाही तो काही फोनमध्ये वाजतो, तोही काढा, विशेषतः गोळ्यांची वेळ लावलेले आजी-आजोबा सोबत असतील तर.

सुरू होण्याआधी स्टेजवर काय चाललंय

हा वेळ गप्पांत घालवू नका. डावीकडे व्हायोलिन, उजवीकडे सहसा चेलो आणि त्यांच्या मागे उभे मोठे डबल बेस, मधे बासरी, ओबो, क्लॅरिनेट, बॅसून ही फुंकून वाजवायची वाद्यं, मागे पितळी वाद्यं, आणि सगळ्यात मागे टिंपनी. मग पहिल्या व्हायोलिनचा प्रमुख येतो, त्याला कॉन्सर्टमास्टर म्हणतात, त्याला टाळ्या द्यायच्या. तो उभा राहतो, ओबोवाला एक लांब सूर देतो आणि सगळे त्याला आपापली वाद्यं लावून घेतात. आपल्याकडे तानपुरे लागताना जी एक हवा तयार होते ना, हुबेहूब ती.

बरेचदा आधी एखादं छोटं ओव्हर्चर, म्हणजे सुरुवातीची रचना, असतं, दहा-बारा मिनिटांचं, आणि मग पियानो आणतात. हे बघण्यासारखं असतं. व्हायोलिनवाले उठून बाजूला होतात, खुर्च्या सरकतात, आणि माणसं तो नऊ फुटी पियानो ढकलत मधोमध आणतात, पाचशे किलोच्या आसपास वजन असतं त्याचं. झाकण वर करून काठी लावतात. मग परत सूर लावणं, पण आता ओबो नाही, कॉन्सर्टमास्टर जाऊन पियानोची एक पट्टी दाबतो आणि सगळे तिला लावून घेतात, कारण पियानोच्या दोनशेहून जास्त तारा आता ऐनवेळी कोण बदलणार, बाकीच्यांनीच त्याच्याकडे यायचं.

मग वादक आणि कंडक्टर, म्हणजे हाताच्या खुणांनी सगळ्यांना चालवणारा, सोबत येतात. वादक स्टूल वर-खाली करतो, हात पुसतो, कधीकधी पट्ट्याही पुसतो. समोर कागद नसतो बहुतेक वेळा, सगळं पाठ. ही पद्धत फ्रान्झ लिस्ट आणि क्लारा शुमान या एकोणिसाव्या शतकातल्या पियानोवादकांच्या काळात रुळली. आणि मग तो कंडक्टरकडे बघून अगदी बारीक मान हलवतो. ती मान हलताना बघा.

आता प्रत्यक्ष ऐकणं, बीथोव्हनचा चौथा धरून

हा कॉन्चेर्टो लोकांसमोर पहिल्यांदा वाजला २२ डिसेंबर १८०८ रोजी, व्हिएन्नात, थिएटर ॲन देअर वीनमध्ये, पियानोवर स्वतः बीथोव्हन. त्या एका संध्याकाळी पाचवी सिम्फनी, सहावी सिम्फनी आणि हा, सगळं पहिल्यांदा जाहीर वाजलं, चार तास कार्यक्रम चालला, हॉल थंडगार, तालमी अपुऱ्या, शेवटच्या रचनेत तर ऑर्केस्ट्रा चुकला आणि बीथोव्हनने थांबवून पुन्हा सुरू करायला लावलं. मी दरवेळी हा ऐकताना ती कुडकुडणारी माणसं डोळ्यासमोर आणते.

त्या काळी रिवाज असा की आधी ऑर्केस्ट्राने सगळं मांडायचं, मग पियानोने यायचं. इथे उलट. पियानो एकटाच सुरू करतो, अगदी हळू, छोटंसं एक वाक्य, जणू कोणी दारातून आत डोकावून ‘येऊ का’ विचारतंय. आणि मग व्हायोलिनं उत्तर देतात, पण भलत्याच स्वरातून, अपेक्षा नसते अशा ठिकाणाहून, आणि अजूनच हळू. अंगावर काटा येतो तिथे. त्यानंतर अडीच-तीन मिनिटं पियानो गप्प. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं हा काय करतोय नुसता बसून? त्याच्याकडे बघा, तो ऐकत असतो.

पहिला भाग साधारण अठरा-वीस मिनिटांचा. इथे सगळं कळायलाच हवं असा हट्ट धरू नका. फक्त आत्ता कोण बोलतंय आणि कोण ऐकतंय, एवढंच बघत राहा. आपल्याकडे पेटीची साथ गायकामागून जाते, इथली साथ तशी नाही, इथे ऑर्केस्ट्रा कधी मागे येतो, कधी पुढे धावतो, कधी सरळ भांडतो. भागाच्या शेवटाकडे एक जागा येते जिथे सगळे एका सुरावर येऊन थांबतात, कंडक्टर हात खाली घेतो आणि पियानो एकटा सुटतो. ती कॅडेन्झा. पूर्वी इथे वादक आयत्या वेळी सुचेल ते वाजवायचे, आता बहुतेक लिहिलेली वाजवतात, या कॉन्चेर्टोसाठी बीथोव्हनने स्वतःच लिहून ठेवल्यात. तबल्याच्या सोलोत तिहाई समेकडे यायला लागली की आपण जसे पुढे सरकून बसतो, तसंच इथे शेवटी दोन सूर जवळजवळ थरथरत राहतात, ट्रिल म्हणतात त्याला, म्हणजे समजायचं आता सगळे परत येणार.

आणि मग दुसरा भाग. फक्त पाच मिनिटांचा. यासाठी मी हे सगळं लिहितेय खरं तर. फक्त तंतुवाद्यं, सगळी एका सुरात, कडक, तोडून तोडून, रागावलेल्या वडीलधाऱ्या माणसासारखी. ती थांबतात. पियानो उत्तर देतो, इतकं हळू की वादकाने डावं पेडल दाबून ठेवलेलं असतं, त्याने आतल्या हातोड्या जरा बाजूला सरकतात आणि तीनपैकी कमी तारांवर पडतात. परत ती रागावतात. परत हा तेवढ्याच हळू. त्यांना उत्तर देताना तो आवाज चढवत नाही. आणि बघता बघता ती बाकीची सगळी माणसं हळू व्हायला लागतात, त्यांची वाक्यं लहान होत जातात, शेवटी नुसता एक खालचा सूर उरतो.

आईला पहिल्यांदा नेलं तेव्हा हाच होता. आई आयुष्यभर भजनी मंडळात गायली, पाश्चात्त्य संगीत म्हणजे तिच्यासाठी लग्नातला बँड. तिला मी काहीच सांगितलं नव्हतं. या भागात तिने माझं मनगट धरलं आणि शेवटपर्यंत सोडलं नाही. शेवटचा सूर वाजवून त्या पियानोवादक बाईंनी हात पट्ट्यांवरून उचलले नाहीत, नुसते राहू दिले, बोटं खाली, मान खाली, आणि हजार माणसांच्या हॉलमध्ये एसीच्या झोताचा आवाज ऐकू येत होता. कोणी खोकलं नाही. इंटरव्हलमध्ये आई एवढंच म्हणाली, ‘त्या सगळ्यांना तिने गप्प केलं गं, न ओरडता.’ मी पंधरा वर्षं वाचून जे समजायचा प्रयत्न करत होते ते तिला पाच मिनिटांत कळलं, म्हणून मी म्हणते काही यावं लागत नाही.

तिसरा भाग दुसऱ्याला लागूनच सुरू होतो, मधे गॅप नाही, नाचरा, आणि ट्रम्पेट नि टिंपनी या कॉन्चेर्टोत पहिल्यांदा इथेच वाजतात, इतका वेळ ती माणसं मागे शांत बसलेली असतात. साधारण दहा मिनिटं.

टाळ्या

दोन भागांच्या मधे नाही, सगळे भाग संपल्यावर. एवढाच नियम. भाग मोजायला चुकलात तर कंडक्टरच्या पाठीकडे बघा, हात वर आहेत म्हणजे संपलेलं नाही, हात खाली आले आणि तो प्रेक्षकांकडे वळला की वाजवा. अजून सोपं म्हणजे सगळे वाजवायला लागले की तुम्ही वाजवा. चायकोव्हस्कीच्या पहिल्या कॉन्चेर्टोचा पहिला भागच इतका दणदणीत संपतो की हात आपोआप जातात, आणि त्याची सहावी सिम्फनी दुसऱ्या अर्ध्यात असेल तर तिसरा भाग अगदी शेवट असल्यासारखा संपतो, पण खरा शेवटचा भाग पुढे असतो आणि तो मावळत मावळत जातो. तिथे जपून.

आपल्याला हे जड जातं हे मला मान्य आहे. आपण ‘क्या बात है’ म्हणणारी माणसं, चांगली जागा घेतली आणि दाद दिली नाही तर गाणाऱ्याचा अपमान वाटतो. आणि हा नियम काही अनादि काळापासूनचा नाही, मोझार्टने १७७८ मध्ये पॅरिसहून वडिलांना लिहिलेल्या पत्रात आनंदाने सांगितलंय की अमुक जागा लोकांना आवडणार हे मला ठाऊकच होतं आणि तिथे मधेच टाळ्या पडल्या. पण आता वादक त्या दोन भागांमधल्या शांततेवर पुढचा भाग उभा करतात, त्यांना ती शांतता द्या. चुकून वाजवल्याच तर काही आभाळ कोसळत नाही, हात खाली घ्या आणि पुढचं ऐका, वादकांनाही त्याचं काही वाटत नाही. आणि मधे खोकला राखून ठेवलेला असेल तर दोन भागांच्या मधेच काढा, सगळेच काढतात.

संपल्यावर मात्र मनापासून वाजवा. वादक आत जातो, परत येतो, परत जातो, ही पद्धत आहे, कंटाळू नका, कारण तिसऱ्या-चौथ्या वेळी तो बरेचदा परत पियानोवर बसतो आणि एखादं छोटंसं काहीतरी एकटा वाजवतो. एन्कोर. ते प्रोग्राममध्ये लिहिलेलं नसतं. अर्धे लोक तोपर्यंत सामोशाच्या रांगेत पोचलेले असतात.

इंटरव्हल आणि पुढे

वीसेक मिनिटं. बायकांच्या टॉयलेटला रांग लागते, आधी तिकडे जा मग चहा. त्या वेळात पियानो परत हलवतात, हवं तर आत बसून बघा. दुसऱ्या अर्ध्यात सहसा सिम्फनी, चाळीस-पन्नास मिनिटं. पहिल्यांदा आलेल्यांना इथे थकवा येतो आणि त्यात काही वाईट नाही. एखादंच वाद्य निवडा, समजा ओबो, आणि अख्ख्या सिम्फनीत फक्त त्याच्याकडे लक्ष ठेवा, कधी वाजवतो, कधी थांबतो, थांबल्यावर काय करतो. मजा येते. अगदीच सोबतच्या वयस्कर माणसाला झेपत नसेल तर इंटरव्हलमध्येच निघा, वाजवणं चालू असताना उठू नका.

सातचा कार्यक्रम साधारण नऊ-सव्वानऊला संपतो, तेव्हा लोकलची काळजी नको. टॅक्सी मात्र दारात पटकन मिळत नाही, सगळे एकदम बाहेर पडतात, थोडं मरीन ड्राइव्हकडे चालत या, तिथे मिळते, आणि खरं सांगू का, लगेच गाडीत बसून फोन चालू करण्यापेक्षा ती दहा मिनिटं समुद्राच्या बाजूने चालणं बरं पडतं.

घरी आल्यावर पुस्तिका टाकू नका. तिच्या मागच्या पानावर तुमचा सीट नंबर लिहा आणि तिथून काय दिसलं, पियानो कसा ऐकू आला, एसी अंगावर येत होता का, हे दोन ओळीत लिहून ठेवा. माझ्याकडे अशा चौदा पुस्तिका आहेत आणि पुढच्या वेळी तिकीट काढताना मी दुसरं काही बघत नाही.